दोन अनारसे आणि नवख्या घोड्यांची शर्यत

घोड्याला “आज तू पळायचं नाहीस” असं सांगण्याचा मला पगार मिळायचा. माझ्या कामाचं याहून सोपं वर्णन मला अजून जमलेलं नाही. सनीव्हेलला राहणारी माझी मुलगी मैत्रिणींना ते आणखी सोपं करून सांगते, “माय मॉम वॉज बेसिकली अ बाउन्सर फॉर हॉर्सेस.” पार्सिपनीतल्या आमच्या मंडळात मात्र मी नुसती ‘जनावरांची डॉक्टर’. गणपतीची आरती संपली की कुणीतरी मला बाजूला घेतं आणि हलक्या आवाजात कुत्र्याच्या जुलाबाविषयी विचारतं. मीही प्रसादाची वाटी हातात धरून उत्तर देते.

मुंबईला शिकले, नवऱ्याच्या नोकरीमागे इथं आले, सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या. यात सांगण्यासारखं काही नाही, या अंकाच्या निम्म्या वाचकांनी तेच केलं आहे. फक्त ते कंप्युटरकडे गेले आणि मी तबेल्याकडे.

मी काम केलं ते स्टीपलचेसच्या शर्यतींवर. सपाट शर्यतीत घोडा नुसता पळतो, स्टीपलचेसमध्ये तो पळता पळता कुंपणांवरून उड्या मारतो. काही शर्यतींत ही कुंपणं झुडपासारखी मऊ असतात, काहींत सरळ लाकडी दांड्यांची. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया इकडच्या टेकड्यांवर वसंतात आणि पानगळीत या शर्यती होतात. लोक गवतावर गाड्या लावतात, डिकी उघडून टेबलं मांडतात, बायका छत्रीएवढ्या टोप्या घालून येतात. घोड्यांकडे त्यांचं लक्ष किती, तर आपण लग्नात मंगलाष्टकांकडे देतो तेवढं.

माझं काम सकाळीच, गाड्या यायच्या आधी. प्रत्येक घोड्याच्या पायांवरून हात फिरवायचा, कुठं गरम लागतं का बघायचं, मग त्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवून आणायला सांगायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, त्या पायावर भार कमी पडावा म्हणून. एवढीशी मान हलते. ती दिसली की मी मान डोलावायची ती नकारार्थी. मग मालक आपण किती लांबून आलो ते सांगतो, ट्रेनर ऐकवतो की हा जन्मापासून असाच चालतो, आणि एखादा तर माझ्या चष्म्याचा नंबर विचारतो. मी सगळं ऐकून घेते. घोडा मात्र परत गाडीत चढतो.

एकदा मीच फसणार होते. एक तपकिरी घोडा दर दोन पावलांना मान उडवत होता. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला सांभाळणारी बाई म्हणाली की त्याची बकरी गाडीत राहिली आहे. बरेच घोडे एकटे राहू शकत नाहीत, त्यांना सोबतीला बकरी देतात. म्हटलं, आणा बकरीला. बकरी शेजारून चालायला लागली आणि घोड्याची मान अशी स्थिर झाली की जणू बायकोला बाजूच्या खुर्चीवर बसवल्यावर एखादा नवरा भाषणाला उभा राहिला आहे. तो त्या दिवशी दुसरा आला. बकरीसोबत त्याचा फोटोही आहे.

पण हसण्यासारखे दिवस थोडे. उडी चुकलेला घोडा पडतो, लोक श्वास धरतात, आणि आमची माणसं हिरवा पडदा घेऊन धावत जातात. त्या पडद्यामागे काय चालतं ते पाहणाऱ्यांना कळू नये म्हणून तो असतो. मी पडद्याच्या आतली बाई. कधी घोडा उठून, अंग झटकून, माझ्याकडे रागानं बघत निघून जायचा. कधी त्याची मान मांडीवर घेऊन मला इंजेक्शन द्यावं लागायचं. त्या दिवशी गाडी चालवत घरी येताना मी रेडिओ लावायची नाही, आणि नवरा दार उघडताच माझ्या चेहऱ्याकडे बघून गुपचूप चहा ठेवायचा. मला त्या प्रत्येक घोड्याचं नाव आठवतं. सकाळी आपण जरा आणखी नीट बघायला हवं होतं का, हा प्रश्न निवृत्तीनंतरही सुटत नाही.

म्हणूनच मला नवख्या घोड्यांची शर्यत सगळ्यांत प्यारी होती. आमच्या ऑक्टोबरच्या मेळ्यात ती पहिली असायची. ज्या घोड्यानं लाकडी कुंपणांवरची एकही शर्यत जिंकलेली नाही, त्यालाच तिथं प्रवेश. कुंपणं जरा बुटकी, वरची दांडी धक्का लागला तर निसटेल अशी. सुरुवातीला सगळ्या घोड्यांना रांगेनं पहिल्या कुंपणापाशी नेऊन ते दाखवायचे. घोडे नाक पुढं करून हुंगायचे, एखादा मागं सरायचा, एखादा दांडी चाटायचा. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखंच ते, फक्त इथं पसंती-नापसंती लपवायची कुणाला गरज वाटायची नाही.

या शर्यतीचा इतिहास कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर दर वर्षी छापलेला असायचा. दोन शेजारी शेतकरी, दोन अडाणी तरणे घोडे, कुणाचा आधी ओढ्यापलीकडच्या चर्चपर्यंत पोचतो यावर जेवणाच्या टेबलावर लागलेली पैज, आणि त्यातून सुरू झालेली शर्यत. पुढं ती शेतातून मोठ्या मैदानावर आली. युद्धाच्या काळात जॉकी मिळेनात तेव्हा मालकांच्या मुलींनी घोडे पळवले. साथीच्या वर्षी टेकडीवर एकही गाडी नव्हती, तरी शर्यत झाली. एकही वर्ष चुकलं नाही, याचा त्या लोकांना फार अभिमान. अमेरिकेत एवढी जुनी परंपरा म्हणजे ते तिच्यासमोर आवाज खाली करून बोलतात.

त्या दोघांपैकी एका शेतकऱ्याची नात म्हणजे एलन. वय ऐंशीच्या पुढं, कमरेत किंचित वाकलेली, पावसाळी कोट आणि चिखलाचे बूट हा बारमाही वेष. शर्यत चालवणाऱ्या कमिटीत ती एकटीच अशी होती की जिला घोड्याची पुढची बाजू कोणती ते ठाऊक होतं. बाकीच्यांना ही शर्यत नकोशी झाली होती. नवख्या घोड्यांना बघायला गर्दी होत नाही, घोडेही कमी येतात. नियम असा की किमान चार घोडे नसतील तर शर्यत रद्द. त्या वर्षी कमिटीनं एलनला बजावून सांगितलं होतं, यंदा चार भरले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून हिची जागा झुडपांवरच्या एका झगमगीत शर्यतीला मिळेल. एलननं उन्हाळाभर ओळखीच्या प्रत्येक मालकाला फोन केले. शेवटी बरोबर चार घोडे उभे राहिले.

चौथा घोडा आमच्या मंडळाचा होता. म्हणजे मंडळातल्या चार मित्रांचा. निखिल हा त्यांचा म्होरक्या, मूळचा साताऱ्याचा, दिवसभर कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. माझ्याकडून शर्यतीच्या गोष्टी ऐकून ऐकून यांना खाज सुटली, आणि सपाट शर्यतीत कायम शेवटून पहिला येणारा एक काळा घोडा त्यांनी भागीत घेतला. नाव ठेवलं लेझीम. एलननं त्याला एका चांगल्या ट्रेनरबाईकडे धाडलं आणि कुंपण दिसताच लेझीमचा स्वभावच पालटला. जमिनीवर आळशी असलेला तो प्राणी हवेत मन लावून काम करायचा. मी त्यांची ओळखीची, म्हणून त्याची तपासणी दुसऱ्या डॉक्टरनं करावी असं मी आधीच कळवलं होतं. ती त्या सकाळी झाली. घोडा अगदी ठणठणीत होता.

चारही घोडे पास झाले तेव्हा एलननं माझ्या पाठीवर थाप मारली. मी कॉफी आणायला निघाले. वाट तबेल्यावरून जात होती.

लेझीमच्या खणापुढं निखिलची आई उभी होती, शैलाकाकू. दिवाळीसाठी लेकाकडे आलेल्या. नऊवारी नव्हे, पण नेसलेली साडी, त्यावर निखिलचं जाकीट, पायात बूट. हातात स्टीलचा डबा. घोडा ओठ चाटत होता आणि त्याच्या काळ्या नाकावर पांढरे बारीक कण चिकटलेले होते.

मी विचारलं, काकू, काय दिलंत? त्या एकदम खुशीत म्हणाल्या, “अगं, परीक्षेला निघालेल्याच्या हातावर आपण दही-साखर ठेवतो ना. दही त्यानं हुंगलंसुद्धा नाही. मग अनारसा दिला. आवडला त्याला, दुसरा मागून घेतला.” आणि डबा पुढं करत त्यांनी सांगितलं की इथल्या तांदळाचं पीठ असूनसुद्धा एकही अनारसा तुपात हसला नाही.

अनारसे खरोखर सुरेख होते. सोनेरी, जाळीदार, आणि वरच्या अंगाला खसखशीचा दाट थर.

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. खसखस अफूच्या बोंडातून येते. तेवढ्यानं घोड्याला साधी जांभईही येणार नाही, पण त्याच्या लघवीत मॉर्फिन सापडतं. मॉर्फिन हे दुखणं दाबणारं औषध. दुखरा घोडा ते देऊन पळवला तर त्याला आपला पाय मोडतोय हे कळत नाही, आणि त्याच्या पाठीवरचा माणूसही त्याच्यासोबत पडतो. म्हणून शर्यतीच्या दिवशी नेहमीचा चारा आणि पाण्याशिवाय घोड्याच्या तोंडात काही जाता कामा नये, असा कडक नियम. ट्रेनरबाईनं तो निखिलला सांगितला होता. निखिलनं तो आईला सांगितलाही होता. पण औषध देऊ नये म्हणजे प्रसाद देऊ नये असं कुठल्या आईला वाटेल?

मी निखिलला बोलावलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं आधी फोनवर इंटरनेटवर काहीतरी शोधलं, मग फोन खिशात घातला. शर्यत जिंकली तरच लघवीची तपासणी होते, हा कुठं जिंकणार आहे, असं त्यानं सुचवून पाहिलं. हरलेल्यांतूनही एखादा निवडतात, हे मी सांगितलं. मग तो म्हणाला ते मी विसरलेले नाही.

“मावशी, तुमच्या जागी कोणी गोरा डॉक्टर असता ना, तर त्याला ते कुकीसारखं काहीतरी वाटलं असतं. तुम्ही मराठी आहात म्हणून हे कळलं, यार. नाहीतर रेस झाली असती.”

हे अगदी खरं होतं. त्या अख्ख्या टेकडीवर अनारशावर काय असतं हे माहीत असलेली अधिकारी मी एकटीच. एलनची शर्यत माझ्या जिभेवर येऊन थांबली होती. मी गप्प राहिले असते तर घोड्याला काही होणार नव्हतं, एलनचे चार भरले असते, कमिटीचं तोंड बंद झालं असतं. मला तो मोह झाला, का होऊ नये? पण मी कितीतरी मालकांना त्यांच्या घोड्याच्या मानेच्या एवढ्याशा हिसक्यावरून घरी पाठवलं होतं. त्यांतले काही रडले होते. त्यांना कुठल्या तोंडानं भेटले असते?

मी काही बोलायच्या आत काकूंनी विचारलं की तुम्ही दोघं कशाबद्दल कुजबुजताय. मी सगळं सांगितलं, चार घोड्यांचा नियमसुद्धा. निखिल म्हणाला, आई, तू काही बोलू नकोस, मी बघतो. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

“मी भरवलंय, मीच सांगणार,” त्या म्हणाल्या. “चल गं, कुठं बसतात ते साहेब?”

मुख्य पंच एका तंबूत बसले होते. काकूंनी त्यांच्यापुढं डबा उघडून एक अनारसा टेबलावर ठेवला, घोड्याच्या दिशेनं हात केला आणि दोन बोटं दाखवली. वर म्हणाल्या, “आय गेव्ह. नो डॉक्टर, नो सन. आय.” मी खसखशीचं सांगितलं. पंचांनी चष्मा काढला, अनारसा जवळ घेऊन पाहिला आणि बराच वेळ कपाळ चोळत राहिले. नियमापुढं त्यांचाही इलाज नव्हता. ट्रेनरबाईला ताकीद मिळाली, लेझीम बाद झाला. उरले तीन. थोड्याच वेळात लाउडस्पीकरवरून सांगण्यात आलं की पहिली शर्यत रद्द झाली आहे. टेकडीवरच्या लोकांनी ते ऐकलं आणि पुन्हा आपापल्या डब्यांकडे वळले. इतक्या पिढ्यांची शर्यत संपली आणि एका गाडीतलं गाणंसुद्धा थांबलं नाही.

एलनला माझ्या तोंडून कळावं म्हणून ती घोषणा व्हायच्या आधीच मी पहिल्या कुंपणापाशी गेले होते. ती वरच्या दांडीवर हात ठेवून उभी होती. मी सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो घोडा बरा आहे का हा. बरा आहे म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि मैदानाकडे बघत राहिली.

तेवढ्यात काकू आल्या, मागं निखिल. काकूंनी मला एलनला सांगायला लावलं, “त्यांना म्हणावं, माझ्या हातून तुमच्या घरचं कार्य मोडलं. मला क्षमा करा.” कार्य मोडलं याला इंग्रजी शब्द मला मिळेना. मी म्हटलं, तुमच्या घरचं लग्न माझ्यामुळे थांबलं असं त्या म्हणताहेत. एलननं काकूंच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, त्यातलं मला एक मिळेल का? आज मला काही पळायचं नाहीये.

तिनं तो अनारसा कुंपणाला टेकून सावकाश खाल्ला. मग बोटांवरची खसखस चाटत तिनं जी गोष्ट सांगितली, ती कार्यक्रमपत्रिकेत कधी छापली नव्हती. पैज वगैरे काही लागली नव्हती. तिच्या आजोबांनी हौसेखातर एक कोवळा, अर्धवट शिकलेला घोडा जुन्या मुरलेल्या घोड्यांच्या शर्यतीत उतरवला होता. त्याचं चालणं आज बरोबर नाही, असं मोतद्दारानं सकाळी सांगितलं होतं. आजोबांनी ऐकलं नाही. घोडाही गेला आणि त्याच्यावरचा पोरगाही, जो शेजाऱ्याचा मुलगा होता. पुढच्या पानगळीत त्या दोघा शेजाऱ्यांनी मिळून शेतात बुटकी कुंपणं घातली, की नवख्याला नवख्यांतच पळू द्यावं. पैजेची गोष्ट नंतर कुणीतरी रचली, कारण खरी गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगता येत नव्हती.

“त्या सकाळी कुणी ठामपणे नाही म्हणालं असतं आणि ते कुणी ऐकलं असतं, तर ही शर्यत सुरूच झाली नसती,” ती म्हणाली. “आज दोन्ही झालं. मला वाईट वाटतंय, पण तक्रार नाही.”

काकूंना मी ते मराठीत सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही.

कमिटीनं शब्द पाळला. असले शब्द त्या लोकांच्या बरोबर लक्षात राहतात. लाकडी कुंपणं उपटली गेली आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत तिथं झगमगीत शर्यतीचं नाव आलं. मी त्या हिवाळ्यात निवृत्ती घेतली. गुडघे दुखतात असं कारण दिलं, ते खोटंही नव्हतं. काकू साताऱ्याला परतल्या आणि दर रविवारी फोनवर निखिलच्या आधी लेझीमची चौकशी करू लागल्या. मला मात्र राहून राहून वाटायचं, आपण बरोबर वागलो, पण एका म्हातारीच्या हातातलं काढून घेतलं. दोन्ही खरं होतं आणि एकानं दुसरं कमी होत नव्हतं.

वसंतात एलनचा फोन आला. घरामागच्या चढावर तिनं बुटकी कुंपणं घातली होती. शेजारपाजारचे नवखे घोडे येणार होते. कप नाही, पत्रिका नाही, टोप्या नाहीत. सकाळी घोडे बघायला येशील का, एवढंच तिनं विचारलं, आणि जेवायला सूप असेल असं म्हणाली. निवृत्त झाल्याचं मी तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं.

मी गेले. निखिल लेझीमला घेऊन आला होता. त्याला इथं कोण तपासणार, असा पेच पडला, कारण दुसरी डॉक्टर नव्हती. एलन म्हणाली, तूच तपास, तू त्याला एकदा बाद करून दाखवलं आहेस. शेजाऱ्यांचे दोन घोडे होते. आणि एलनची स्वतःची एक लाल घोडी, तिच्या तबेल्यात उरलेली शेवटची. तिला एलननं जन्मापासून वाढवलं होतं. हिवाळाभर रोज बर्फातून जाऊन ती तिला स्वतः चालवून आणायची, हे मला निखिलनं सांगितलं.

लेझीम पास झाला, ते दोघेही झाले. घोडीच्या पायावरून हात फिरवताना पुढच्या उजव्या पायात मला किंचित ऊब लागली. तिचा दोर धरलेल्या मुलाला मी तिला पळवून आणायला सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. एलन घोडीकडे बघतच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. घोडीची मान एवढीशी वर गेली. त्या शेतात कुणी पंच नव्हता, कुठला नियम नव्हता, आणि तो हिसका माझ्याशिवाय कुणाला दिसलाही नव्हता.

“एलन, आज नको,” मी म्हणाले.

तिनं का म्हणून विचारलं नाही. मुलाच्या हातातला दोर स्वतः घेतला, घोडीच्या मानेवर थोपटलं आणि वाकलेल्या कमरेनं तिला सावकाश तबेल्याकडे घेऊन गेली. आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो. फाटक लावून ती परत आली, बाकीच्या तिघांना रांगेत उभं करायला सांगितलं, आणि शर्यत सोडायचं निशाण तिनं स्वतः खाली केलं.